नळाच्या दिवशीचं नेट

मोबाईलच्या कोपऱ्यात वायफायच्या तिन्ही रेघा भरलेल्या दिसायच्या आणि पान मात्र उघडायचं नाही. पांढऱ्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहायचा. मी त्या गोलाकडे बघायची आणि मांडीवरची रितू माझ्याकडे.

पहिल्यांदा हे झालं त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला माझा डेमो होता. नाशिकचे एक क्लासवाले अकरावीच्या मुलांना घरबसल्या रसायनशास्त्र शिकवायला शिक्षक शोधत होते. लग्नाआधी मी धुळ्याला तीन वर्षं हेच शिकवलं होतं. मग लग्न होऊन जळगावात आले, मग रितू झाली, आणि आता रितू आठ महिन्यांची. रोज दोन तास का होईना, कुणाला तरी काहीतरी शिकवावं, असं आतून फार वाटत होतं. अर्ज करताना ललितला विचारलं, तर तो म्हणाला, "कर ना, मला काय विचारतेस." तो पाइप कारखान्यात सकाळपाळीला. सहाला घर सोडतो, तीनला परत येतो. डेमोच्या वेळी रितूला घ्यायला घरात सासूबाई होत्याच.

सासूबाई, म्हणजे सुनंदाबाई, मूळच्या एरंडोलकडच्या खेड्यातल्या. माझ्या बाळंतपणासाठी म्हणून आल्या आणि आठ महिने इथेच राहिल्या. तिकडे माझे सासरे, गिरधर आबा, एकटे हाताने भाकऱ्या थापतात.

तर त्या मंगळवारी मी केस नीट बांधले, बऱ्यापैकी कुर्ता घातला, मागे भिंतीवर डाग दिसू नये म्हणून लॅपटॉप तिरका ठेवला. दहा वाजता लिंक उघडायला गेले, तर गोल फिरायला लागला. नेटचा डबा कपाटाच्या डोक्यावर. स्टुलावर चढून बघितलं तर एरवीचे हिरवे दिवे नेहमीसारखे होते, पण त्यांच्यात एक बारका लाल दिवा लुकलुकत होता. डबा बंद केला, तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केला. पुन्हा लाल. लॅपटॉप बंद केला, चालू केला. मोबाईलचं नेट लावून बघितलं, पण आमच्या घरात मोबाईलला रेंज म्हणजे एक रेघ, ती पण खिडकीत उभं राहिलं तर. रेंज हवी तर गच्चीवर जायचं, आणि एप्रिलात जळगावची गच्ची म्हणजे तवा.

साडेदहाचे पावणेअकरा झाले. क्लासच्या कामिनी मॅडमना खिडकीतून फोन लावला. त्या म्हणाल्या, "होतं असं. पुढच्या सोमवारी बघू."

कंपनीचा माणूस दुपारी एकला आला. आवेज नाव, तिशीचा असेल, खांद्याला अवजारांची पिशवी. तो येऊन पोहोचेपर्यंत नेट आपोआप सुरू झालं होतं. त्याने डब्यामागची बारीक पिवळी वायर काढून एका यंत्राला लावली, आकडा बघितला.

"ताई, लाइट तो एकदम बराबर है. लाल दिवा म्हणजे वायरीतून उजेड येत नाही. पण इथं तर मस्त येतोय."

"सकाळी नव्हता येत."

"आता येतोय ना?"

"आता येतोय, भाऊ, पण मला आत्ता नको होता."

तो हसला. गच्चीवर जाऊन खांबापासूनची वायर बघून आला. "वरती पण सगळं सरळ आहे," म्हणाला आणि टोकाची पिन बदलून गेला.

शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. त्या दिवशी डेमो नव्हता, म्हणून मी फार मनाला लावून घेतलं नाही. आणि सोमवारी, दुसऱ्या डेमोच्या दिवशी, पुन्हा. दहाला गेलं, साडेबाराला आलं. मी खिडकीत उभी राहून कामिनी मॅडमना तेच सगळं पुन्हा सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं. त्या या वेळी "होतं असं" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दीपमाला, मुलांचा क्लास चालू असताना असं झालं तर मी काय करू? गुरुवारी एकदाच शेवटचं बघते."

त्या दिवशी आवेजने सगळा डबाच बदलला. मग जाता जाता चप्पल घालताना, शेजारच्या ताईबाई आमच्याकडे आल्या होत्या त्यांच्यासमोरच, म्हणाला, "ताई, रागावू नका. कधीकधी साफसफाई करताना घरचं कुणी मागची वायर हलवतं. हलली की लाल. पुन्हा बसली की हिरवी. घरात कुणी..."

सासूबाई आत रितूला खिमटी भरवत होत्या. ताईबाई हसत म्हणाल्या, "रोज येतोस बाबा, आता यांच्याकडेच जेवत जा." तो विषय तिथे थांबला. माझ्या डोक्यात मात्र तो तिथून पुढे चालू झाला.

कारण मी एकदा ऐकलं होतं. दारात उभ्या राहून सासूबाई ताईबाईंना सांगत होत्या, "लेकरू आठ महिनानं शे, आन् हिले नोकरी सुचस." तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. आता ते परत वर आलं. त्या रोज फडक्याने कपाट पुसतात. डब्यावरूनही फडकं फिरवतात. आणि नेट नेमकं माझ्याच कामाच्या वेळी जातं. पण मग शुक्रवारी का गेलं? शुक्रवारी माझं काहीच नव्हतं. आणि बुधवारी, शनिवारी, रविवारी का गेलं नाही? त्या दिवशी कपाट पुसत नाहीत का? पुसतात. मला काही कळेना. ज्या बाईने चाळीस दिवस माझ्या पाठीला तेल लावलं, तिच्यावर मी पाळत ठेवते आहे, हे पण कळत होतं, आणि ठेवतच होते.

संध्याकाळी ललितने कॅलेंडर बघितलं आणि तो एकदम ओरडला, "अगं, मंगळवार, शुक्रवार, सोमवार! हे तर नळाचे दिवस!"

आमच्या गल्लीत दोन दिवसांआड नळाला पाणी येतं. सकाळी सातला येतं, साडेआठला जातं. त्या दीड तासात टाकी भरायची, पिंप भरायचं, आणि मग साठलेलं सगळं मोठं धुणं.

"पाण्याचा आणि नेटचा काय संबंध?" मी म्हटलं.

"मोटर! आपण मोटर लावतो. विजेचा दाब कमीजास्त होत असेल, डबा गडबडत असेल."

"मोटर साडेआठला बंद होते. नेट दहाला जातं."

"मग..." तो डोकं खाजवत राहिला. "त्याला उशिरा कळत असेल."

मला हसू आलं, आणि रडूही. फोनवर आवेजला सांगितलं तर तोही चक्रावला. "नळ आला की नेट जातं? ताई, बारा वर्षं झाली मला या लाइनीत, ही कंप्लेंट पहिली." गुरुवारी तो दहाच्या आधी येऊन थांबेन म्हणाला.

गुरुवारी मोटर लावायची नाही असं ठरलं. मी सासूबाईंना भीतभीतच सांगितलं, कारण मोटर नाही म्हणजे पाणी बादलीने जिन्यावरून वर न्यायचं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. एक दिननी काय गोठ." आणि सातपासून साडेआठपर्यंत त्यांनी बादल्या वाहिल्या. मी मदतीला गेले तर हाकललं. "तू तुन्हा अभ्यास कर." त्यांचे गुडघे दुखतात. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्या "हं" म्हणायच्या, आणि मी आत वही उघडून बसले होते आणि ते "हं" मोजत होते. अशी बाई माझी वायर कशाला काढेल? असंही वाटत होतं. आणि मग, कदाचित म्हणूनच एवढ्या बादल्या वाहतायत, असंही. मन असं घाणेरडं चालतं कधीकधी.

पावणेदहाला नेट होतं. मी लिंक उघडून बघितली, माझा चेहरा पडद्यावर दिसला. रितू झोळीत झोपली होती. दहा वाजून पाच मिनिटांनी चेहरा गोठला. मग तो गोल.

मोटर तर बंदच होती.

आवेजला फोन लावला. तो रामानंदनगरला दुसऱ्या कंप्लेंटवर अडकला होता. "अर्ध्या तासात येतो ताई. तोवर मागची वायर बघा ना जरा."

स्टुलावर चढले. वायर जागेवर घट्ट होती. काढून पुन्हा बसवली. लाल. सासूबाई घरात नव्हत्या. गच्चीचं दार वाजल्याचा आवाज आला. म्हणजे मधे खाली येऊन आत्ता पुन्हा वर गेल्या. म्हणजे मघाशी खालीच होत्या. म्हणजे काढून, बसवून, मग वर? दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. रेंज तशी वरच मिळणार होती. कामिनी मॅडमना फोन तरी करायला हवा होता. झोळीला एक झोका देऊन, दार उघडं टाकून मी जिना चढले, आणि चढता चढता जे तोंडात आलं ते गच्चीच्या दारातच बोलून टाकलं:

"आई, तुम्ही सकाळी डब्यामागची वायर काढली होती का? खरं सांगा."

सासूबाई वळल्या. तोंडात कपड्याचा चिमटा होता, म्हणून लगेच बोलता आलं नाही. त्यांच्या मागे रितूची जाड गोधडी, दुसरी पातळ गोधडी, आणि दुपट्यांची ओळ, सगळं नुकतं धुतलेलं, पाणी निथळत होतं. मोठ्यांचे कपडे पलीकडे गंजक्या तारेवर होते. रितूचे या बाजूला, एका बारीक काळ्या दोरीवर.

ती दोरी गोधडीच्या वजनाने पार खाली आली होती. तिचं एक टोक टाकीच्या पाइपाला वेढा घेऊन पलीकडे गेलं होतं. दुसरं कठड्याच्या लोखंडी हुकावरून काटकोनात वाकून, भिंतीवरून खाली आमच्या खिडकीत शिरत होतं.

मी त्या दोरीवरून खिडकीपर्यंत नजर फिरवली. मग म्हटलं, "आई, ही दोरी नाहीये."

त्यांनी चिमटा तोंडातून काढला. "दोरी नही? मंग काय शे?"

"नेटची वायर आहे. खांबावरून आलेली."

"ललितनी बांधेल शे ना ती," त्या म्हणाल्या. "मी त्याले दोन महिना पासून सांगस, लेकरूनं धुनं मोठा मानसंना तारवर नको, येगळी दोरी बांध. एक दिन वर ऊनू तं बांधेल दिसनी. मी म्हनं, चला, पोऱ्यानी आयकं."

तान्ह्या बाळाचे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत वाळत घालायचे नाहीत, हे आमच्याकडे सगळ्याच बाया पाळतात. रोजची दुपटी त्या खाली गॅलरीतल्या स्टँडवर टाकायच्या. गोधड्या तिथे मावत नव्हत्या, आणि गोधड्या धुवायला पाणी लागतं भरपूर, म्हणजे नळाच्याच दिवशी. दोन अडीच तासांत उन्हाने खडखडीत वाळल्या की काढून घ्यायच्या, बाळाचं काही बाहेर ठेवायचं नाही म्हणून. आवेज येईपर्यंत वायर रिकामी आणि सरळ.

ललितने काही बांधलं नव्हतं. तो विसरला होता. पहिल्या मंगळवारच्या जरा आधी नेटवाल्यांनी नवी वायर ओढली होती, एवढंच.

"मना हातेच व्हयनं का हे बठ्ठं, सगळं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

मी गोधड्या ओढून काढायला लागले, त्याही काढायला लागल्या. दुपटी भराभर तारेवर, मोठ्यांच्या कपड्यांतच फेकली. त्यांनीही दोन फेकली. मी मोबाईलवरून वायफाय बघितलं. गच्चीवरही एक रेघ पोचत होती. पान उघडलं नाही.

आवेजला पुन्हा फोन. सगळं ऐकून तो आधी "या अल्ला" म्हणाला आणि मग खो खो हसला. मग एकदम कामाचं बोलायला लागला. "ताई, हुकावर वायर दबून बसली असेल. आत काचेचा धागा असतो, केसासारखा. मुडपला की उजेड बाहेर सांडतो. हुकापासून वर उचलून धरा बघू. मोठा गोल ठेवा, ओढू नका."

मी उचलून धरली. एका हातात मोबाईल. गोल फिरला, फिरला, आणि पान उघडलं. सोडली, गेलं. धरली, आलं.

दहा बावीस.

"काही बांधता येईल का?" मी आजूबाजूला बघितलं. काठी होती ती छोटी. टेकू लावायला वीट लावली तर वायर घसरत होती.

"इकडे दे," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, ऊन..."

"इकडे दे म्हनस ना! तू जाय खाले. मी धरस."

"चाळीस मिनिटं आहेत."

"मंग येळ कसाले घालवस?"

त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, दोन्ही हात वर केले, आणि मी दाखवलं तशी वायर बोटांवर झेलून धरली. बाळाला धरतात तशी अलगद. मी जिन्यावरून खाली पळाले.

खाली रितू जागी झाली होती आणि झोळीत बसून दोरी चावत होती. रितूला सांभाळायला सासूबाई, हे सगळं जमवलेलं गणित, आणि सासूबाई तर वर वायर धरून उभ्या. ताईबाईंना हाक मारली, त्यांच्या दाराला कुलूप. मग रितूला मांडीवर घेतलं आणि लिंक उघडली. कामिनी मॅडम आल्या, त्यांच्यासोबत अजून एक सर. मी म्हटलं, "माफ करा, मुलगी सोबत आहे. आज दुसरा इलाज नाही."

मॅडमनी विचारलं, "नेट टिकेल?"

"टिकेल," मी म्हटलं. ते कशावर टिकून आहे ते त्यांना कसं सांगणार.

मोल शिकवायचं होतं. वहीत लिहून ठेवलेली सुरुवात आठवेना. रितूने पेन धरलं होतं. समोर टोपलीत केळी होती, तीच उचलली. "डझन म्हणजे बारा. केळी बारा, अंडी बारा, माणसं बारा. वस्तू कुठलीही असो, डझन म्हटलं की बाराच. मोल पण तसाच एक शब्द आहे. फक्त अणू इतके बारीक असतात की बाराने भागत नाही." तिथून मग गाडी लागली. तीन वर्षं बोललेलं सगळं जिभेवर परत यायला लागलं. मध्ये दोनदा चित्र थांबलं. पहिल्यांदा थांबलं तेव्हा मी मनात म्हटलं, हात बदलतायत. दुसऱ्यांदा जास्त वेळ थांबलं. मी खडू हातात धरल्यासारखी बोटं धरून थांबले, पुन्हा सुरू झालं, मी पुढे बोलले. रितूने केळ्याचं देठ तोंडात घातलं, ते मी बोलता बोलताच काढलं. ते सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या काहीतरी लिहीत होत्या.

अकरा वाजून पाच मिनिटांनी संपलं. "संध्याकाळी कळवते," मॅडम म्हणाल्या.

रितूला कडेवर घेऊन वर गेले तेव्हा आवेज नुकताच पोहोचून गच्चीच्या दारात उभा होता. सासूबाई कठड्याला पाठ टेकून तशाच. चेहरा लालबुंद, कानशिलावरून घाम, पण बोटांवरचा वायरीचा गोल तसाच.

"आज्जी, सोडा आता, मी आलो," आवेज म्हणाला.

"पहिले तिले इचार, व्हयनं का तिनं."

"झालं आई," मी म्हटलं. "झालं."

मग त्यांनी सोडलं. हात खाली येईनातच. मी एक एक करून खाली घेतले. आवेजने मुडपलेला तुकडा कापून नवीन जोड मारला, वायर कठड्याच्या आतून फिरवली, आणि एकदाही विनोद केला नाही. मी सासूबाईंना खाली आणून माठातलं पाणी दिलं. गूळ दिला. खांद्यांना तेल लावायला बसले. वायर काढली का, असं मी विचारलं होतं, ते आमच्या मध्येच बसलेलं होतं.

"आई, मघाशी मी जे बोलले..."

"बोलनी तं बोलनी."

"मला वाटलं, तुम्हाला माझी नोकरी नको आहे."

त्या वळल्या नाहीत. "मी ताईबाईले सांगेल ते तू आयकं व्हई, ते खरंच शे," म्हणाल्या. "लेकरू ल्हान शे. आन् तू शिकाडाले बसनी म्हंजे माले आठेच ऱ्हाणं पडी. आबा तठे एकला शेतस." मग म्हणाल्या, "पन वायर बी मीच धरी."

यातलं कुठलं खरं मानायचं, मला कळेना. आठ महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं की त्यांना घरी कधी जायचं आहे. त्यांनी मनातून मला अडवलं होतं का? अडवलं असेल. आणि अडतिसाव्या मिनिटाला हात भरून आले असतील तेव्हा सोडून द्यावं असंही वाटलं असेल. सोडलं मात्र नाही.

संध्याकाळी कामिनी मॅडमचा मेसेज आला. सोमवारपासून, पाच ते सात. खाली एक ओळ: मुलीची सोय करा. मी तो दोनदा वाचला आणि लगेच कुणाला सांगितला नाही. ललित रितूला घेऊन खाली गेला होता. सासूबाई खिडकीत एका रेघेवर आबांशी बोलत होत्या, रेंज नसल्यामुळे ओरडून.

"नही, आते लवकर येवाव नही... हा, हिले लागनी नोकरी... कसाले म्हंजे? तिन्हं चांगलं व्हयनं म्हनीसन!" मी अजून सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं. मग आवाज उतरला. "तुम्हीच या ना आठे. भाकरी करी दिसू. अवं, शेत काय कोनी उचली नेस का..."

पलीकडून आबा काहीतरी म्हणत होते. रेंज गेली. सासूबाई "हालो, हालो" करत राहिल्या, फोन कानापासून दूर धरून बघितला, पुन्हा कानाला लावला. मी माझा मोबाईल वायफायला जोडून त्यांच्या हातात दिला, आबांना व्हॉट्सॲपवर लावून. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आते बोला," त्या म्हणाल्या. "आते नेट नही जावाव."